स्विफ्टच्या तळाला घरी बनवलेले पॅनल: दहा महिने वापरल्यानंतर

नोव्हेंबर २०२४ मध्ये, दिवाळीच्या सुट्टीत, मी माझ्या २०१४ च्या पेट्रोल स्विफ्टच्या तळाला घरी कापलेले पॅनल बसवले, तळ सपाट होऊन हवेचा विरोध कमी व्हावा म्हणून. हे लिहिते आहे सप्टेंबर २०२५ मध्ये. मधल्या काळात गाडी साधारण साडेएकोणीस हजार किलोमीटर चालली. रोजचं नाशिक ते सिन्नरजवळची मुसळगाव एमआयडीसी, महिन्यातून दोनदा आईकडे ठाण्याला, आणि एक अख्खा पावसाळा. पॅनल तीनदा उतरवले, त्यातले दोन पूर्ण नव्याने केले. त्यामुळे आता खात्रीने लिहिता येईल एवढं हाताशी आहे.

सगळ्यांचा पहिला प्रश्न पेट्रोलचा असतो, म्हणून आधी तेच सांगते. हायवेवर एकसारख्या वेगाने चालवलं तर साडेतीन ते चार टक्के वाचतं. गावात काहीच वाचत नाही. द्वारका चौकात वीस मिनिटं अडकलेल्या गाडीला तळ सपाट असला काय आणि नसला काय, सारखंच.

कल्पना डोक्यात आली ती शेजारच्या काकांमुळे. ते ओझरच्या एचएएलमधून निवृत्त झाले, आयुष्य विमानांच्या जुळणीत गेलं. एका रविवारी मी गाडीला पॉलिश करत होते. काका म्हणाले, "पोरी, वरून आरशासारखी केलीस, पण खाली एकदा वाकून बघ. आम्ही तर रिव्हेटचं डोकंसुद्धा पत्र्याच्या वर येऊ द्यायचो नाही." मी खरंच वाकून बघितलं. सायलेन्सरचा पाइप, पेट्रोलची टाकी, स्टेपनीचा खड्डा, सस्पेन्शनचे हात, मध्ये मोकळ्या पोकळ्या. मागचा बंपर तर आतून पोकळ, पुढून येणारी हवा थेट त्याच्यात शिरणार आणि तो छत्रीसारखा गाडीला मागे ओढणार. मी पत्र्याच्या डायचं, म्हणजे पत्र्याला आकार देणाऱ्या साच्यांचं, डिझाइन करते. दिवसभर पत्रा सपाट कसा राहील हेच बघते. त्यामुळे ते दृश्य मला बघवलं नाही.

थोडं गणित इथे लागतं. हवेचा विरोध वेगाच्या वर्गाने वाढतो. हवेच्या विरोधाचा गुणांक ०.३३ आणि समोरचं क्षेत्रफळ २ चौरस मीटर धरलं, नाशिकच्या उंचीवरची थोडी विरळ हवा धरली, तर ५० च्या वेगाला गाडीवर साधारण ७५ न्यूटनचा जोर येतो, ८० ला १९० च्या आसपास, आणि १०० ला जवळजवळ ३००. तीस किलोचं वजन दोरीला टांगल्यावर जेवढा ताण येतो, तेवढा जोर १०० च्या वेगाला हवा सतत मागे लावत असते. टायरचा रस्त्याशी होणारा विरोध मात्र कुठल्याही वेगाला ११० न्यूटनच्या आगेमागेच राहतो. म्हणजे ५० ला टायर भारी आणि साधारण ६० नंतर हवा भारी. तळाचं काम फक्त हवेच्या वाट्यातून थोडं कापतं, म्हणून त्याचा फायदाही हायवेलाच दिसतो.

पहिला प्रयत्न सनपॅकचा. फ्लेक्सवाल्यांकडे मिळते ती पन्हाळीदार प्लास्टिकची शीट, पाच मिलिमीटरची. चौरस मीटरला किलोभर वजन, कटरने कापता येते, स्वस्त. इंजिनखालच्या भागापासून पुढच्या दारांपर्यंत दोन तुकडे लावले, केबल टायने बांधले. पंधरा दिवसांत त्याची हौस फिटली. शिंदे टोलनाक्याच्या पुढे वेग ८० ला गेला की खालून फडफड सुरू व्हायची, कारण टायमधली ढिलाई हवेला पुरते. पुढची कड एकदा खाली वाकली की हवा तिच्यात भरते आणि शीट आणखी खाली ओढली जाते. वस्तीतल्या एका उंच स्पीडब्रेकरवर डावा तुकडा घासून फाटला. त्याहून वाईट म्हणजे कॅटॅलिटिक कन्व्हर्टरच्या (इंजिनाचा धूर साफ करणारा डबा) बाजूला शीट फुगून आली होती. सनपॅक हे पॉलिप्रॉपिलीन. ते साधारण १६० अंशांना वितळतं आणि त्याच्या बरंच आधी मऊ पडतं. कन्व्हर्टरचं अंग कित्येक शे अंशांवर असतं. मी चार बोटांचं अंतर ठेवलं होतं आणि ते पुरेसं नव्हतं. त्या दिवशी गाडीखालून बाहेर आले तेव्हा हात थरथरत होते. सनपॅक वापरायचीच असेल तर ती फक्त मागे, टाकीच्या पलीकडे आणि सायलेन्सरपासून हातभर दूर.

दुसऱ्या खेपेला एक मिलिमीटरचा ॲल्युमिनियम पत्रा घेतला. चौरस मीटरला २.७ किलो. अंबडच्या एका फॅब्रिकेशनवाल्याकडून कडांना बेंड मारून घेतले. कडेला बेंड असला की पातळ पत्राही ताठ राहतो, ढोलासारखा वाजत नाही. जिथे पत्रा गाडीला टेकतो तिथे दाराचं रबर बीडिंग लावलं. कंपनीने आधीच दिलेल्या भोकांमध्ये एम६ बोल्ट आणि मोठे वॉशर वापरले, चेसिसला नवीन भोक एकही पाडलं नाही. भोक पाडलं की गंज तिथूनच सुरू होतो, आणि टाकीच्या आसपास ड्रिल चालवणं म्हणजे जिवाशी खेळ. मधला सायलेन्सरचा बोगदा पूर्ण उघडा ठेवला. पॅनल दोन्ही बाजूंना, मध्ये मोकळी गल्ली. सपाटपणा थोडा गेला, पण रात्री झोप लागते.

मागचा भाग मला सगळ्यात आवडला. टाकीच्या मागून बंपरच्या खालच्या कडेपर्यंत हलका चढ देत सनपॅकचा तुकडा नेला, म्हणजे हवा बंपरच्या पोकळीत न शिरता वर वळून बाहेर पडते. या चढाला मर्यादा आहे. ७ ते १० अंशांच्या वर गेलं की हवा पृष्ठभाग सोडते, मागे भोवरे होतात आणि केलेलं काम वाया जातं. मी ६ अंशांवर थांबले. सायलेन्सरचा डबा उजवीकडे असल्याने हा तुकडा डाव्या बाजूपुरताच आहे.

आता मोजणीबद्दल, कारण बहुतेकांची फसगत इथेच होते. डिसेंबरात पॅनल लावून मायलेज बघायचं आणि ऑगस्टमधल्या आकड्याशी तुलना करायची, याला काही अर्थ नाही. डिसेंबरात निफाडकडे पहाटे पारा दहाच्या खाली जातो, एप्रिलात दुपारी नाशिकला चाळिशी गाठतो. चाळीस अंशांची हवा दहा अंशांच्या हवेपेक्षा जवळजवळ दहा टक्के विरळ असते. म्हणजे ऋतू बदलला की हवेचा विरोध माझ्या पॅनलच्या फायद्यापेक्षा जास्त बदलतो. थंडीत पॅनल लावले आणि मायलेज उतरलं, तर माणूस पॅनलला दोष देईल. उन्हाळ्यात लावले तर फुकटचं श्रेय देईल.

म्हणून मी मार्च ते मे ठाण्याच्या सहा फेऱ्या ठरवून केल्या. दोन पॅनलसकट, दोन पॅनल काढून, पुन्हा दोन पॅनलसकट. पंप तोच, नोझलही शक्यतो तेच, नोझल पहिल्यांदा आपोआप बंद पडलं की भरणं बंद. घरून निघण्याआधी, टायर थंड असताना, त्यांची हवा बघायची. हायवेवर जिथे जमेल तिथे ८० चा वेग, एसी सहाही वेळा चालू. येणं-जाणं मिळून साधारण तीनशे किलोमीटर, त्यामुळे कसाऱ्याच्या घाटाचा चढ-उतार आपोआप वजा होतो. आकडे असे आले: पहिल्या दोन फेऱ्यांची सरासरी २०.४, पॅनलशिवाय १९.९, परत लावल्यावर २०.८. शेवटचा आकडा जास्त, कारण मे महिन्याची हवा विरळ. दोन्ही टोकांची सरासरी २०.६ धरली तर फरक साडेतीन टक्क्यांचा. एका फेरीवरून कुणी काही सांगितलं तर मी ते मानणार नाही. टाकी भरण्यातच पाव लिटर इकडे-तिकडे होतं.

आणखी एक पडताळणी केली. पहाटे साडेपाचला, ओझर ते पिंपळगाव पट्ट्यात रस्ता रिकामा असताना, इंजिन चालू ठेवून न्यूट्रल करायचं आणि ८० वरून ६० वर यायला किती सेकंद लागतात ते बघायचं. दोन्ही दिशांनी, म्हणजे उतार आणि वारा कटतो. शेजारी भाऊ स्टॉपवॉच घेऊन बसला होता. मागे कुणी नाही याची खात्री झाल्याशिवाय हे करू नका, आणि इंजिन बंद तर अजिबात नको, ब्रेक आणि स्टिअरिंग जड होतं. दहा-दहा वेळांची सरासरी पॅनलशिवाय २२.१ सेकंद, पॅनलसह २३.०. सेकंदापेक्षा कमी फरक, पण जवळपास प्रत्येक जोडीत त्याच बाजूला. हा आकडा कागदावर उतरवला तेव्हा मला जो आनंद झाला तो पेट्रोलच्या पैशांचा नव्हता.

५ जून २०२५ ला समृद्धी महामार्गाचा इगतपुरी ते आमणे हा शेवटचा ७६ किलोमीटरचा टप्पा सुरू झाला आणि माझा ठाण्याचा रस्ता बदलला. घाट टळला, वेग वाढला. तिथे मी १०० वर धरते. जुलैमध्ये पॅनल दुरुस्तीला उतरवलेले असताना दोन फेऱ्या झाल्या, १७.१ पडलं. ऑगस्टमध्ये लावून १७.८. एक गोष्ट मात्र प्रामाणिकपणे सांगायला हवी: ८० वरून १०० वर गेल्याने जे गेलं, त्याच्यापुढे पॅनलने दिलेलं फार थोडं आहे. पेट्रोल वाचवणं एवढाच हेतू असेल तर उजवा पाय हे सगळ्यात स्वस्त साधन.

उष्णतेकडे दुर्लक्ष करू नका. रेडिएटरमधून आत आलेली गरम हवा बरीचशी खालूनच बाहेर पडते. मी सुरुवातीला इंजिनखालचा भाग अगदी बंद केला होता. एप्रिलात कसारा चढताना, एसी चालू असताना, ओबीडी स्कॅनरवर (गाडीच्या संगणकातले आकडे दाखवणारं यंत्र) कूलंटचं, म्हणजे इंजिन थंड ठेवणाऱ्या पाण्याचं, तापमान नेहमीच्या ९६ वरून १०४ पर्यंत चढलेलं बघितलं. घाटमाथ्यावर गाडी बाजूला घेतली, पंखा कितीतरी वेळ फिरत राहिला. घरी येऊन पुढच्या पॅनलची मागची कड पाच सेंटीमीटर मोकळी केली. त्यानंतर त्याच चढाला ९८ च्या वर गेलं नाही. फेऱ्यांच्या मोजणीत फरक पडला असेल का, हा प्रश्न मला पडला होता, म्हणून शेवटच्या दोन फेऱ्या या बदलानंतरच्याच ठेवल्या.

पावसाळ्याने वेगळा धडा दिला. इगतपुरीच्या पावसात आणि सिन्नरच्या कामं चाललेल्या रस्त्यांवर चिखल पॅनलच्या वरच्या बाजूला जाऊन बसतो, आणि वाळला की विटेसारखा. जुलैत उजवं पॅनल उतरवलं तर त्यातून दोन किलोंच्या वर माती निघाली. आता सगळ्यात खोलगट जागी दहा मिलिमीटरची भोकं आहेत आणि दर पंधरा दिवसांनी पाइपाने खालून पाणी मारते. पावसाळा संपला की वाळकं गवत, कांद्याच्या साली, कागद असलं काहीही अडकू शकतं, आणि ते गरम पाइपाजवळ गेलं तर पेट घेईल. महिन्यातून एकदा टॉर्च घेऊन खाली डोकावणं ज्यांना जमणार नाही त्यांनी या फंदात पडू नये. गाडी नुसत्या जॅकवर उचलून खाली शिरू नका. लोखंडी घोड्या लावा, चाकांना दगड द्या, किंवा सरळ पिटवर न्या.

गॅरेजवाल्या दादांनी पहिल्या सर्व्हिसिंगला विचारलं, "ताई, ऑइल बदलायचं तर आधी हे सगळं उतरवायचं का?" त्यांचं बरोबर होतं, अकरा बोल्ट आणि अर्धा तास. मग ड्रेन प्लगखाली हाताएवढी खिडकी कापली आणि दोन बोल्टांचं झाकण दिलं. हे पहिल्याच दिवशी सुचायला हवं होतं.

आवाजात मला फरक जाणवला. टायरने उडवलेली बारीक खडी आता ताडताड न वाजता दबका आवाज करते, आणि समृद्धीवर ९० च्या पुढे येणारी खालची घरघर कमी झाली. ट्रकशेजारून जाताना गाडी जरा कमी हलते असंही वाटतं, पण ते मोजलेलं नाही. गाडीचा तळ १७० मिलिमीटर उंच होता, सगळ्यात खालच्या जागी बारा मिलिमीटर गेले. पाच माणसं बसली की वस्तीतला तो स्पीडब्रेकर तिरका घेऊनच ओलांडते.

खर्च, वाया गेलेली पहिली सनपॅक धरून, ४,१०० रुपये. पेट्रोल लिटरला शंभराच्या वर आहे आणि माझी हायवेची धाव बघता महिन्याला अडीचशेच्या आसपास सुटतात. म्हणजे पैसे वसूल व्हायला सव्वा वर्षाच्या वर, माझे रविवार न धरता. महिन्याला पाचशे किलोमीटर गावातल्या गावात फिरवणाऱ्याला हे कधीच वसूल होणार नाही, त्याने करू नये. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार नोंदणीपत्रातले तपशील बदलतील असे फेरफार करता येत नाहीत. माझ्या पॅनलने त्यातलं काही बदललं नाही, तरी ते उघडून पूर्ववत करता येतील असेच ठेवलेत. विमा कंपनीला विचारून घेणं चांगलं.

मागचा सनपॅकचा तुकडा दहा महिन्यांत कडेने ठिसूळ झालाय, तिथली क्लिप सैल आहे. नवरात्राआधी तोही ॲल्युमिनियमचा करायचा आहे, पत्रा आणून ठेवलाय. काकांनी बेंडचा कोन स्वतः तपासून देतो म्हटलंय. तोवर दर वेळी ठाण्याला निघण्याआधी वाकून ती क्लिप हाताने दाबून बघते.