हिस्सा पत्नीच्या नावे करायला गेलो तेव्हा: फोंड्यातील एका वकीलबाईंच्या सेवेचा अनुभव

आमचा फोंड्यातील फ्लॅट माझ्या आणि धाकट्या भावाच्या निम्म्या-निम्म्या मालकीचा. माझ्या पश्चात पत्नीला कचेऱ्यांचे उंबरठे झिजवावे लागू नयेत म्हणून माझ्या हिश्श्यातील अर्धा भाग हयातीतच तिच्या नावे करावा, असे ठरवून मी आधी एका दस्तलेखकाकडे गेलो. त्याने दोन दिवसांत बक्षीसपत्राचा मसुदा तयार करून दिला आणि अर्धे पैसेही घेतले. आमच्या लग्नाची नोंद कुठे झाली, हे मात्र त्याने विचारलेच नाही.

तोच मसुदा घेऊन मी ज्या वकीलबाईंकडे गेलो, त्यांचा पहिलाच प्रश्न होता, "लग्नाची नोंद गोव्यातच ना? लग्नाआधी मालमत्तेचा वेगळा करार केला होता का?" नोंद गोव्यातली, आणि करार काही नव्हता. "मग तुम्ही वहिनींना जे देणार आहात, ते आधीच त्यांचे आहे," असे म्हणून त्यांनी मसुद्याची घडी करून तो माझ्या हातात परत दिला.

1867 च्या पोर्तुगीज नागरी संहितेपासून गोव्यात चालत आलेल्या पद्धतीनुसार, विवाहपूर्व करार नसेल तर पती-पत्नीची मालमत्ता सर्वसाधारणपणे सामाईक होते आणि तीत दोघांचा निम्मा-निम्मा वाटा असतो, हे त्यांनी तासभर बसून समजावले. म्हणूनच नवऱ्याला स्थावर मालमत्ता एकट्याच्या सहीने विकता येत नाही. मला नव्या दस्ताची गरज नव्हती, विवाहाचा दाखला जोडून सोसायटीत आणि घरपट्टीच्या नोंदीत पत्नीचे नाव लावून घ्यायचे होते. खरे तर दस्त करून देऊन त्यांना फी घेता आली असती, ती त्यांनी घेतली नाही, याचे मला फार मोल वाटते.

पुढे भावानेही आपला हिस्सा आम्हाला देण्याची इच्छा दाखवली, तेव्हा मात्र बक्षीसपत्र आवश्यक होते. भावाचे लग्नही गोव्यातच नोंदलेले असल्याने भावजयीची सही लागेल, हे त्यांनी आधीच बजावले. त्याची मुले आणि इतर मालमत्ता यांचीही चौकशी केली, कारण मुलाबाळांसाठी राखीव असलेल्या अर्ध्या भागाला धक्का लावणारे दान पुढे वादात सापडू शकते. देणाऱ्याची सही, दोन साक्षीदार आणि नोंदणी या तिन्ही गोष्टी 1882 च्या मालमत्ता हस्तांतरण कायद्याने बंधनकारक आहेत, म्हणून साक्षीदारांनाही त्यांनी वेळेवर बोलावून घेतले. मसुदा वाचताना ओळीखाली पट्टी धरून त्या एकेक शब्द उच्चारीत होत्या, आणि मूळ खरेदीखतात भावाच्या नावातील एक अक्षर आधारकार्डाहून वेगळे असल्याचे तेव्हाच लक्षात आले. उपनिबंधकांच्या समोर हे निघाले असते, तर पुण्याहून आलेल्या भावाला पुन्हा खेप घालावी लागली असती.

तक्रार एकच आहे. मसुद्याला तीन आठवडे लागले आणि त्या काळात फोन क्वचितच उचलला गेला. दुसऱ्या मजल्यावरच्या त्या कचेरीला लिफ्ट नाही, त्यामुळे गुडघेदुखी असलेल्या पत्नीला जिना चढताना दोनदा थांबावे लागले. पुढच्या भेटीला वकीलबाई स्वतः खाली येऊन आमच्या गाडीत बसल्या आणि तिथेच तिच्या सह्या घेतल्या.