कडू चूळ आणि पहिले दहा मीटर: आठ महिन्यांनंतर

मी 100 आणि 200 मीटर पळते. पुण्यात सणस मैदानावर आठवड्यातून चार दिवस सराव असतो, त्यातले दोन दिवस संध्याकाळी. कॅफिनचं पाणी तोंडात धरायचं, खळखळून चूळ भरायची आणि थुंकून टाकायचं, हा प्रकार मी गेले आठ महिने करतेय. धाकट्या मुली सारख्या विचारतात, "ताई, त्याने खरंच फरक पडतो का गं?" म्हणून एकदा नीट लिहूनच काढते.

आधी मी सरळ कॉफीच प्यायचे. सरावाच्या पाऊण तास आधी दोन चमचे इन्स्टंट, बिनसाखरेची. मग पीसीओडीसाठी (बीजांडकोशाशी जोडलेली हार्मोन्सची तक्रार) डॉक्टरांनी हार्मोन्सच्या गोळ्या सुरू केल्या आणि पाच वाजताच्या त्याच कॉफीने मी रात्री दोन-दोनपर्यंत टक्क जागी राहायला लागले. दुसऱ्या दिवशी पाय शिशाचे. सिलेक्शनचं टेन्शन असेल असं धरून मी दोन महिने तशीच काढले. नंतर वाचलं तेव्हा कोडं सुटलं. घेतलेलं कॅफिन शरीरात निम्मं व्हायला साधारण पाच तास लागतात, पण गर्भनिरोधक जातीच्या गोळ्या चालू असतील तर हाच वेळ जवळपास दुप्पट होतो. यकृतातलं जे एन्झाइम कॅफिन मोडतं, त्याला या गोळ्या मंद करतात. हे मला ना दवाखान्यात कुणी सांगितलं, ना मैदानावर. वजनाच्या किलोमागे 3 ते 6 मिलिग्रॅम कॅफिन घ्यायचं, हा आकडा मात्र सगळ्यांना पाठ असतो. मुलींच्या बाबतीत एवढ्यावर भागत नाही, याचा मला अजूनही राग येतो.

चुळीची कल्पना मुळात साखरेवरून आली. 2004 साली सायकलपटूंवर एक प्रयोग झाला. माल्टोडेक्स्ट्रिनच्या (पिष्टापासून केलेली, फारशी गोड नसलेली पावडर) पाण्याने त्यांनी फक्त चूळ भरली, एक थेंब गिळला नाही, तरी तासाभराची शर्यत सुमारे तीन टक्के लवकर संपली. पोटात काही गेलंच नाही, म्हणजे तोंडातूनच मेंदूला निरोप जात असणार. 2013 मध्ये हेच कॅफिन वापरून पाहिलं गेलं: 25 मिलिलिटर पाण्यात 300 मिलिग्रॅम, आणि सहा-सहा सेकंदांचे पाच स्प्रिंट. पहिल्या स्प्रिंटमध्ये जोर वाढलेला दिसला. त्यात भाग घेणारे बाराही जण पुरुष होते. म्हटलं, आपणच करून बघू.

आता कृती. मी कॅफिनची 200 मिलिग्रॅमची एक गोळी वापरते, सुट्टी पावडर कधीच नाही. शुद्ध कॅफिनची एक चहाचा चमचा पावडर माणसाचा जीव घेऊ शकते, त्यामुळे घरच्या चमच्याने अंदाजे मोजण्याचा विचारसुद्धा मनात आणू नका. गोळी खलबत्त्यात कुटायची, खोकल्याच्या औषधाच्या झाकणाने मोजून 25 मिलिलिटर कोमट पाण्यात घालायची आणि बाटली हलवून ठेवून द्यायची. अर्ध्या तासात गोळीतला पांढरा गाळ तळाशी बसतो, वरचं निवळ पाणी वेगळं काढायचं. शेवटच्या स्ट्राइडनंतर (वॉर्मअपमधली छोटी सैल धाव), स्टार्टिंग ब्लॉककडे जायच्या आधी, दहा सेकंद चूळ. जिभेच्या मागच्या भागापर्यंत पाणी पोचलं पाहिजे. नुसतं गालात फिरवलं तर मला काहीच जाणवत नाही. पहिल्या आठवड्यात तर अंगावर शहारा यायचा, पुढे सवय झाली.

फरक पडतो का, हे सरांच्या स्टॉपवॉचवर कळणार नव्हतं. हाताने घेतलेल्या आणि इलेक्ट्रॉनिक वेळेतच 0.24 सेकंदाचा फरक धरतात, आणि मी शोधत होते त्याहून कितीतरी बारीक गोष्ट. म्हणून धाकट्या बहिणीला कामाला लावलं. तिने फोनवर सेकंदाला 240 फ्रेम्सचा स्लो मोशन व्हिडिओ घ्यायचा, हात जमिनीवरून सुटल्यापासून छाती दहा मीटरवर खुणेसाठी ठेवलेल्या प्लास्टिकच्या शंकूपाशी येईपर्यंतच्या फ्रेम्स मोजायच्या. बाटल्या तीन: साधं पाणी, कॅफिन आणि काडेचिराईत. काडेचिराईत यासाठी की कडवटपणा सारखा असला तर आपण काय तोंडात घेतोय ते मला ओळखता येऊ नये. आजी ताप आला की रात्रभर भिजवून द्यायची, तेच. कोणत्या दिवशी कोणती बाटली ते फक्त बहिणीच्या वहीत. प्रत्येकीचे बारा दिवस झाले, तोवर साडेचार महिने उलटले होते. दोन कडू बाटल्यांतली कोणती होती हे मी 24 पैकी 14 वेळा बरोबर ओळखलं, म्हणजे जवळजवळ अंदाजच.

वही उघडली तेव्हा आम्ही दोघी स्वयंपाकघरात जमिनीवर बसलो होतो. पहिल्या रेपचा, म्हणजे त्या दिवसाच्या पहिल्या धावेचा, सरासरी वेळ साध्या पाण्यावर 2.11 सेकंद, कॅफिनवर 2.08. आणि चिराईतवर? 2.09! बहीण म्हणाली, "अगं, मग त्या गोळ्यांवर पैसे कशाला घालवतेस?" प्रश्न चोख होता. माझा रोजचा चढउतारच 0.05 च्या आसपास आहे, तेव्हा या आकड्यांवर मी पैज लावणार नाही. पण कडू चवीचं स्वतःचं काही काम असावं असं मला आता मनापासून वाटतं. क्विनाईनच्या कडू पाण्यावरही असे प्रयोग झालेत, तिथे तीस सेकंदांच्या स्प्रिंटमध्ये फायदा दिसला होता. फक्त त्यात शेवटी ते पाणी गिळायला लावलं होतं.

चौथ्या ते सहाव्या रेपमध्ये तिन्ही बाटल्या सारख्याच. 200 मीटरच्या शेवटच्या पन्नासात जे पाय जड होतात, त्यावर ही चूळ काही करत नाही. तिथे खाणं, झोप आणि सरावच.

पहाटे उपाशीपोटी सराव असेल तेव्हा चुळीने जास्त तरतरी येते. पाळीच्या पहिल्या दिवशी मात्र तो कडवटपणा सहन होत नाही. दोनदा ओकारी आली, तेव्हापासून त्या दिवशी बंद. झोप? दहा दिवसांत पूर्ववत झाली, आणि माझ्यासाठी सगळ्यात मोठी कमाई हीच. मात्र एका संध्याकाळी हौसेने प्रत्येक रेपआधी चूळ भरली, सहा वेळा, आणि रात्री झोप लागायला पुन्हा बारा वाजले. गालाच्या आतल्या अस्तरातून कॅफिन शोषलं जातं, कॅफिनचं च्युइंगम त्यावरच चालतं. त्यामुळे सरावाला एकच चूळ.

स्पर्धा खेळणाऱ्यांसाठी: कॅफिन 2004 पासून वाडाच्या (जागतिक उत्तेजकविरोधी संस्था) बंदीच्या यादीत नाही, फक्त त्यावर लक्ष ठेवलं जातं. भीती वेगळीच आहे, ती म्हणजे सप्लिमेंटमधल्या भेसळीची. मी आधी ज्या कंपनीची गोळी आणली तिच्यावर बॅच नंबरच नव्हता. विचारलं तर उत्तर नाही. ती बाटली तशीच फेकली. आता बॅचची तपासणी झालेलीच घेते, महाग पडली तरी.

कॉफी पोटाला सोसते, झोप उडत नाही आणि हार्मोन्सच्या गोळ्या चालू नाहीत, तर चुळीच्या फंदात पडायची गरज नाही, कॉफीच प्या. माझ्यासारखी अडचण असेल तर महिनाभर करून बघायला हरकत नाही, आधी डॉक्टरांना विचारून. मी कॅफिन सध्या थांबवलंय. पुढचे दोन महिने फक्त काडेचिराईत आणि साधं पाणी, बहिणीने नवी वही घातलीय.