एकाच नाटकाची तीन तिकिटं

नाट्यगृहाचं, सिनेमागृहातल्या थेट प्रक्षेपणाचं आणि घरच्या स्ट्रीमिंगचं, अशी एकाच नाटकाची आता तीन तिकिटं निघतात. कुठलं काढायचं हे ठरवताना लोक पैसे आणि अंतर बघतात. मी आणखी एक गोष्ट बघतो: नजर कुठे ठेवायची हे माझ्या हातात राहणार आहे का?

एका घरगुती नाटकात बापलेकाचं कडाक्याचं भांडण चालू असतं आणि मागे कोपऱ्यात आई चादरीच्या घड्या घालत असते. नाट्यगृहात मी भांडण सोडून तिच्याकडेच बघत बसलो होतो. एका शब्दावर तिचे हात थांबले, घडी अर्धवट राहिली. पुढे त्याच नाटकाचं चित्रीकरण पाहिलं, तर त्या क्षणी कॅमेरा बापाच्या चेहऱ्यावर. आईचे हात गेले. पण बापाचे डोळे भरून आलेत, हे मला मागच्या रांगेतून कधी दिसलंच नव्हतं, तेही खरं.

तेव्हा बरी जागा मिळत असेल तर नाट्यगृह. खांबाआड किंवा अगदी मागे बसायचं असेल तर पडदा परवडला. विनोदी नाटकाला मात्र हा हिशोब लावू नका, मिळेल त्या खुर्चीवर बसा. हशा पिकला की नट पुढचं वाक्य क्षणभर धरून ठेवतो. घरी एकट्याने बघताना ती थांबलेली जागा नुसतीच रिकामी वाटते.

सिनेमागृहाची वाट न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन ऑपेराने 2006च्या डिसेंबरमध्ये पाडली. जून 2009मध्ये लंडनच्या नॅशनल थिएटरने अभिनेत्री हेलन मिरेनच्या ‘फेद्र’ने नाटकाचं प्रक्षेपण सुरू केलं. इथे अंधार असतो, वेळ ठरलेली असते, शेजारी माणसं असतात, त्यामुळे जड, लांबलचक नाटक इथे निभावतं. फक्त शेवटी टाळ्या वाजवाव्यात की नाही, या संकोचात सगळे एकमेकांकडे बघतात. आणि तिकिटावर ‘एन्कोर’ लिहिलं असेल तर तो थेट प्रयोग नाही, आधी झालेल्या प्रयोगाचं रेकॉर्डिंग आहे, हे लक्षात ठेवा.

घरच्या पडद्याचा खरा जम बसला 2020मध्ये. नाट्यगृहं बंद पडल्यावर नॅशनल थिएटरने एप्रिलपासून यूट्यूबवर फुकट नाटकं दाखवली आणि डिसेंबरात स्वतःची सशुल्क सेवा काढली. 2016मध्ये चित्रित केलेलं ‘हॅमिल्टन’ हे न्यूयॉर्कचं गाजलेलं संगीत नाटक 2020च्या जुलैत डिस्ने प्लसवर आलं आणि ज्यांना कधीच तिकीट मिळालं नसतं त्यांनीही ते पाहिलं. (घरबसल्या नाटकाची हौस तशी जुनी. 1881मध्ये पॅरिसच्या विद्युत प्रदर्शनात लोक दोन्ही कानांना टेलिफोन लावून ऑपेरा ऐकत होते.)

तान्हं बाळ असेल, अंथरुणातून उठणं होत नसेल, जवळपास नाट्यगृहच नसेल किंवा एखादा प्रवेश पाच वेळा पाहून अभ्यासायचा असेल, तर बिनधास्त घरचा पर्याय घ्या. पण थांबवायचं बटण हाताशी असतं, तिथे घात होतो. दोन अंकांचं नाटक मी चार रात्रींत संपवलं आहे. तिसऱ्या रात्री नायिका का चिडली आहे तेच आठवेना. शिवाय हक्कांची मुदत संपली की नाटक यादीतून नाहीसं होतं, त्यामुळे ‘नंतर बघू’ म्हणून वर्गणी भरण्यात अर्थ नाही.

कमी ऐकू येतं म्हणून थेट घरचा पडदा निवडणाऱ्यांनी मात्र जरा थांबावं. संवादांची पट्टी, म्हणजे सबटायटल्स, आता नाट्यगृहातही मिळू लागली आहे. नॅशनल थिएटरने 2018मध्ये असे चष्मे आणले की नट बोलतो तसे त्याचे शब्द काचेवर उमटतात. काही नाट्यगृहांत हेच काम फोनवरचं अ‍ॅप करतं, तर काही ठिकाणी ठराविक प्रयोगांनाच रंगमंचाशेजारी पट्टी लावतात. तुमच्या तारखेला यातलं काय आहे, ते तिकीट काढण्याआधी फोन करून विचारा. पट्टी असेल तर ती कुठल्या खुर्चीवरून नीट दिसते, तेही त्याच फोनवर विचारून घ्या.