चौदाव्या प्रकरणासाठी घेतलेलं व्याकरण

मिरजेत माझ्या घरी संध्याकाळी इंग्रजीचे वर्ग चालतात. यंदा एकवीस वर्षं झाली. दहावी-बारावीची मुलं असतात, स्पर्धा परीक्षेची तयारी करणारीही असतात. दोन वर्षांपूर्वी बारावीतल्या एका मुलीनं वहीत दोन वाक्यं लिहून आणली. ‘आय परस्वेडेड रवी टू गो’ आणि त्याखाली ‘आय प्रॉमिस्ड रवी टू गो’. दोन्हींची घडण अगदी एक आहे, मग पहिल्यात रवी जाणार आणि दुसऱ्यात मी जाणार, हे वाक्यात कुठं लिहिलंय, असं तिनं विचारलं. मी ‘अर्थावरून कळतं’ एवढंच म्हणू शकले. ते उत्तर नव्हे, हे तिलाही कळलं होतं आणि मलाही.

त्या प्रश्नापायी मी ‘द केंब्रिज ग्रामर ऑफ द इंग्लिश लँग्वेज’ विकत घेतलं. रॉडनी हडलस्टन आणि जेफ्री पुलम यांचं हे व्याकरण २००२ साली आलं, शिवाय तेरा अभ्यासकांचा त्यात हात आहे. पानं १८००च्या वर. २००४ साली त्याला अमेरिकेच्या भाषावैज्ञानिक संस्थेचा लेनर्ड ब्लूमफील्ड पुरस्कार मिळाला. मांडीवर घेऊन वाचण्याचं हे पुस्तक नाही, टेबल लागतं. वीस प्रकरणांपैकी मी पारायण केलंय ते चौदाव्याचं, त्यामुळे इथे लिहितेय ते मुख्यतः त्याच्याबद्दल.

या प्रकरणाचा विषय म्हणजे काळ न दाखवणारं क्रियापद असलेली उपवाक्यं. आपल्याकडे ‘करून, करताना, करायला, केलेला’ ही जी धातुसाधितं शिकवतात, त्यांचे इंग्रजीतले चुलत भाऊ समजा. अशा उपवाक्याला बहुतेक वेळा स्वतःचा दिसणारा कर्ता नसतो. तो कुठून भरून घ्यायचा हे वरचं क्रियापद ठरवतं, आणि कोणतं क्रियापद काय ठरवतं याचे गट या प्रकरणात लावून दिलेत. ‘परस्वेड’ कर्माला कामाला लावतं, ‘प्रॉमिस’ कर्त्याला. कर्माला लावणाऱ्यांची रांग लांब आहे, ‘प्रॉमिस’सारखी क्रियापदं थोडी. वाचता वाचता माझ्या लक्षात आलं की मराठीत हा फरक कानाला ऐकूही येतो: ‘रवीला जायला राजी केलं’, पण ‘रवीला जायचं वचन दिलं’. इंग्रजीत दोन्हीकडे तेच ‘टू गो’. मुलीचा प्रश्न बरोबर जागी होता.

मला सगळ्यात जास्त दिलं ते कसोट्यांनी. ‘रवी सीम्स टू स्लीप’ आणि ‘रवी होप्स टू स्लीप’ वरवर एकच. आता कर्त्याच्या जागी अर्थशून्य ‘देअर’ घालून बघा. ‘देअर सीम्स टू बी अ मिस्टेक’ चालतं. ‘देअर होप्स टू बी अ मिस्टेक’ कोणी म्हणणार नाही, कारण आशा करायला कोणीतरी असावं लागतं. म्हणजे ‘सीम’चा कर्ता अर्थानं ‘सीम’चा नसतोच, तो खालच्या उपवाक्यातला असतो.

दुसरी कसोटी प्रयोग बदलण्याची. ‘आय एक्स्पेक्टेड द डॉक्टर टू एक्झामिन रवी’ हे ‘आय एक्स्पेक्टेड रवी टू बी एक्झामिन्ड बाय द डॉक्टर’ असं फिरवलं तरी गोष्ट तीच राहते. ‘एक्स्पेक्टेड’च्या जागी ‘परस्वेडेड’ ठेवा. पहिल्या वाक्यात मी डॉक्टरांची मनधरणी केली, दुसऱ्यात रवीची. गोष्टच बदलली. हे मी फळ्यावर लिहिलं तेव्हा वर्गात मागच्या बाकावरून न विचारता उत्तर आलं, आणि त्या दिवशी मी ठरलेला धडा बाजूला ठेवून तासभर हेच घेतलं. नियम पाठ करून घेण्याची सवय असलेल्या मुलांना, वाक्य हलवून बघता येतं, हे कळणं मला फार मोलाचं वाटतं.

‘टू’बद्दलचं विवेचनही रोजच्या कामाचं आहे. ‘टू गो’मधला ‘टू’ हा उपवाक्याची खूण आहे, ‘लुक फॉरवर्ड टू’मधला ‘टू’ शब्दयोगी आहे. दुसऱ्यानंतर नाम बसतं, म्हणून तिथं ‘टू मीटिंग यू’. पत्रलेखनात ‘लुक फॉरवर्ड टू मीट यू’ ही चूक मी हजारदा लाल केली असेल. कारण मात्र आता सांगते.

एका गोष्टीवर अजून विचार चालू आहे. आपण शाळेत क्रियापदाचं ‘-इंग’ रूप नामासारखं आलं तर ते जेरंड आणि विशेषणासारखं आलं तर ते प्रेझेंट पार्टिसिपल, असं वेगवेगळं शिकतो. हे पुस्तक दोन्ही एकत्र करून ‘जेरंड-पार्टिसिपल’ म्हणतं, कारण इंग्रजीतल्या एकाही क्रियापदाला या दोघांसाठी दोन वेगळी रूपं नाहीत. युक्तिवाद मला पटतो. पण परीक्षेत ‘जेरंड ओळखा’ असाच प्रश्न येतो, आणि माझ्या मुलांचे गुण त्यावर आहेत. म्हणून मी आधी रूप एकच आहे हे दाखवते, मग परीक्षेपुरती दोन नावं देते. पुस्तकातल्या अशा नव्या संज्ञा पुष्कळ आहेत. एक क्रियापद दुसऱ्याला साखळीसारखं ओढतं त्याला ‘कॅटेनेटिव्ह’ म्हणतात. जुन्या व्याकरणावर वाढलेल्या माणसाला सुरुवातीची पन्नास पानं जड जातात. खुणाही समजून घ्याव्या लागतात: तारका म्हणजे व्याकरणात न बसणारं वाक्य, टक्क्याची खूण म्हणजे काही बोलींत चालणारं.

हे पुस्तक इंग्रजीबद्दल आहे, मराठी मुलांच्या अडचणी त्यात सापडणार नाहीत. तो पूल आपल्यालाच बांधावा लागतो. ‘बाजारात जाताना पाऊस लागला’ हे आपलं निर्दोष वाक्य. ‘-ताना’ला वेगळा कर्ता चालतो. ‘जाऊन’ला सहसा चालत नाही: ‘मी बाजारात जाऊन भाजी आणली’ ठीक, ‘मी बाजारात जाऊन पाऊस लागला’ कानाला खटकतं. मुलं ‘जाताना’चीच सवय घेऊन ‘गोइंग टू द मार्केट, द रेन स्टार्टेड’ लिहितात आणि पाऊस बाजाराला निघतो. तसंच ‘त्यानं जावं असं मला वाटतं’वरून ‘आय वॉन्ट दॅट ही शुड गो’ येतं. ‘वॉन्ट’ला ‘हिम टू गो’ लागतं. उलट ‘सजेस्ट’ला ‘मी टू गो’ चालत नाही, आणि मुलं नेमकं तिथंच ते घालतात. मी या जोड्यांची एक वही केली आहे. चौदाव्या प्रकरणातल्या क्रियापदांच्या याद्या समोर नसत्या, तर ती वही झाली नसती.

विकत घ्यावं का? शिक्षक, अनुवादक, संपादक यांनी घ्यावं, निदान ग्रंथालयात मागवायला सांगावं. किंमत मोठी आहे. मी जुनी प्रत घेतली. पुठ्ठ्याचा एक कोपरा दबलेला होता, पानं सगळी शाबूत. विद्यार्थ्यांनी मात्र याच दोघांचं छोटं ‘अ स्टुडंट्स इंट्रोडक्शन टू इंग्लिश ग्रामर’ घ्यावं. ते २००५ साली आलं, २०२२च्या दुसऱ्या आवृत्तीत ब्रेट रेनल्ड्स हे तिसरे लेखक आहेत. त्यात सराव आहेत, मोठ्यात नाहीत. सलग वाचायला बसू नका. एखादं वाक्य अडलं की शेवटच्या सूचीत क्रियापद शोधायचं आणि तिथून आत शिरायचं, मी तसंच करते.

ती मुलगी आता पुण्यात शिकते. दिवाळीत घरी आली होती, तेव्हा तिला ‘परस्वेड’ आणि ‘प्रॉमिस’ची पानं उघडून दिली. ती खुर्ची ओढून वाचत बसली, चहा तसाच राहिला.