ग्रॅव्हल बाईक (खडीच्या रस्त्यावर चालणारी सायकल) घ्यावी का? भांबर्डे-ताम्हिणीच्या रस्त्यावर नेऊन बघितली

लोणावळ्याहून आंबवणे, भांबर्डे करत ताम्हिणीकडे जाणारा रस्ता ज्यांनी केलाय त्यांना सांगायला नको. तैलबैलाच्या कातळभिंती दिसायला लागल्या की आपण खूश होतो आणि पुढे जंगलात डांबर नावालाच उरतं, खडी, धोंडे, मधेच ओढा. बारीक टायरची रोडबाईक तिथे रडते, एमटीबी (जाड टायरची, जड माउंटन बाईक) घेऊन पुण्याहून निघालात तर लोणावळ्यापर्यंतच अर्धा जीव जातो. म्हणून या दोघींच्या मधली ग्रॅव्हल.

माझी अल्युमिनियम फ्रेमची आहे, फोर्क (पुढचं चाक धरणारा चिमटा) कार्बन, ग्रुपसेट म्हणजे गिअर-ब्रेकचा संच शिमानो जीआरएक्स 400. पुढच्या चकत्यांना 46 आणि 30 दाते, मागच्यांना 11 ते 36. म्हणजे सगळ्यात हलक्या गिअरला पायडलचा एक पूर्ण फेरा मारला तरी चाकाचा पूर्ण फेरा होत नाही, त्यामुळे खडीच्या चढावर पण बसून चढता येतं. उभं राहिलं की मागचं चाक जागेवर फिरतं, तिथेच बरेच जण उतरून ढकलतात. डिरेलरला (चेन एका गिअरवरून दुसऱ्यावर सरकवणारा भाग) क्लच आहे, तो चेन ताणून धरतो, म्हणून चेन फ्रेमवर खडखड आपटत नाही. हायड्रॉलिक डिस्क ब्रेक तर एकच नंबर, उताराला दोन बोटं पुरतात.

पण खरा खेळ टायरचा आहे बरं का. 700 बाय 40 चे (म्हणजे 40 मिमी रुंद) टायर आणि दुकानवाला सवयीने 60 पीएसआय हवा भरून देतो, त्यावर जंगलात गेलात तर प्रत्येक दगड थेट दातापर्यंत पोचतो. ट्यूबलेस करून घ्या, म्हणजे आत ट्यूब नाही, भोक बुजवणारं पातळ सीलंट. माझं वजन 72 किलो, मी पुढे 32 मागे 36 पीएसआय ठेवतो, सायकल एकदम जमिनीला धरून चालते. करवंदीचा काटा आरपार घुसला होता, उपटला तर पांढरं सीलंट फसफसत बाहेर, भोक खाली येईल असं चाक फिरवून ठेवलं, मिनिटभरात बंद!

आता रडगाणं. सस्पेन्शन नाही, त्यामुळे लांब उतारानंतर मनगटं बधिर होतात, हँडलला डबल बार टेप (मऊ पट्टी) लावा. शेवाळलेल्या दगडावर हा टायर काहीही धरत नाही आणि चिखल झाला की टायरची बारीक नक्षी भरून जाते, मग टायर काय आणि साबण काय. भर पावसात नेऊच नका, दिवाळीच्या आसपास बेस्ट.

आणि हो, ट्यूबलेस असलं तरी एक ट्यूब, टायर काढायचा लिव्हर आणि पंप बरोबर ठेवाच, टायरची साईड फाटली तर सीलंट काय करणार, आणि जंगलात रेंज पण धड मिळत नाही.