सातवीतल्या मुलीसाठी सॅटची शिकवणी : फोंड्यातील एका वर्गाचा अनुभव

अमेरिकेतील जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठाचे मानसशास्त्रज्ञ ज्युलियन स्टॅन्ली यांनी १९७२ साली गणितात हुशार असलेल्या सातवी-आठवीच्या मुलांना महाविद्यालयीन प्रवेशाची सॅट परीक्षा द्यायला लावली, कारण शाळेच्या पेपरात अशी सगळीच मुले जवळपास पूर्ण गुण मिळवतात आणि त्यांच्यातला फरक दिसत नाही. हा विचार पटल्यामुळेच आम्ही मुलीला फोंड्यातील एका शिकवणी वर्गात चार महिने पाठवले.

गणिताच्या शिक्षिका उत्तम आहेत. उत्तर बरोबर आले तरी ‘दुसऱ्या रीतीने करून दाखव’ असे त्या सांगत, आणि मुलगी घरी येऊन जेवणाच्या ताटावरही तेच गणित पुन्हा मांडत बसे. शाळेच्या अभ्यासात असा आनंद तिच्या चेहऱ्यावर मी क्वचितच पाहिला होता.

इंग्रजी उताऱ्यांची बाजू मात्र कच्ची वाटली. परीक्षा आता संगणकावर होते, ५४ भाषिक प्रश्नांना ६४ मिनिटे मिळतात आणि उतारे अगदी छोटे असतात, तरीही वर्गात जुन्या छापील पुस्तकांतले लांबलचक उतारेच सोडवून घेतले जात. ही परीक्षा ज्यावर होते त्या ब्लूबुक ॲपवरील मोफत सराव चाचण्या आम्ही घरीच घेतल्या.

सर्वांत खटकली ती भिंतीवरची गुणांची यादी. बारा वर्षांच्या मुलीला सतरा वर्षांच्या मुलांच्या रांगेत क्रमांक देणे अन्यायाचे आहे. विनंती केल्यावर संचालकांनी तिचे नाव काढले. यादी अजून तिथेच आहे.