स्नॉर्केलिंग टूर रिव्ह्यू: माशांचे थवे नीट बघायचे असतील तर ही टूर घ्या

पाचपैकी चार स्टार, आणि चारही गाइडला. बाकीच्या टूरवाल्यांचं कसं असतं, दोन-तीन स्पॉट उरकायचे, उडी मारा, फोटो काढा, वर या, चला पुढे. हे एकाच रीफवर, म्हणजे कोरलच्या खडकावर, नेतात आणि गाइड बोटीवरच बजावतो की पाय आपटायचे नाहीत, लाइफ जॅकेट आहे ना, मग नुसतं तरंगा. आधी कंटाळवाणं वाटेल पण थव्यांसाठी दुसरा मार्गच नाही. माशाच्या अंगाच्या दोन्ही बाजूंना लॅटरल लाइन असते, पाणी जरा हललं तरी त्याला कळतं, त्यामुळे फिन्स मारत गेलात की थवा आधीच फाकतो आणि आपल्याला शेपट्या दिसतात फक्त. गप्प राहिलं की हळूहळू परत जवळ येतात.

सगळ्यात आधी ब्लूस्ट्राइप स्नॅपर. पिवळेधमक, अंगावर निळे पट्टे, कोरलच्या आडोशाला प्रचंड घोळका नुसता उभा. हे दिवसा आराम करतात, अंधार पडला की पांगून खायला निघतात. त्यांच्यात मध्येच एखादा हनुवटीखाली दोन मिशा असलेला दिसला तर तो गोटफिश, तोही पिवळाच म्हणून खपून जातो. थव्यात वेगळा दिसणारा मासा शिकाऱ्याच्या नजरेत पटकन भरतो, म्हणून रंग जुळणं इतकं महत्त्वाचं. गाइडने दाखवला नसता तर कुणालाच कळलं नसतं!

फ्युझिलिअर माशांचं बरोब्बर उलटं, ते दिवसा वरच्या पाण्यात प्लँक्टन, म्हणजे तरंगणारे बारीक जीव, टिपत फिरतात आणि रात्री रीफच्या फटीत झोपतात. खाताना प्रत्येकाचं तोंड वेगळीकडे, सगळं सैल सैल, आणि तेवढ्यात दोन ट्रेवली, म्हणजे शिकारी मासे, आले तर एका क्षणात सगळे एका दिशेला, एका स्पीडने, अंतरसुद्धा सारखं. ट्रेवली मध्ये घुसला की थवा दोन्हीकडे फाटतो आणि त्याच्या मागे जाऊन परत जुळतो. इतकी चकाकणारी अंगं एकदम हलली की एकावर नजर ठरत नाही, शिकाऱ्याची पंचाईत तिथेच होते. मी पाण्यातच ओरडले, स्नॉर्केलमधून आवाज येतो तेवढा.

पण माझा आवडता सीन कन्व्हिक्ट सर्जनफिशचा, फिकट अंगावर काळ्या उभ्या रेघा असलेले. रीफवर छोटासा डॅमसेलफिश आपल्या शेवाळाच्या तुकड्यावर पहारा देतो आणि आकाराने मोठ्या माशालाही हाकलून लावतो. एकटा सर्जनफिश आला की त्याला पळवणारच. म्हणून ते झुंडीने उतरतात, डॅमसेलफिश एकाच्या मागे धावतो तोवर बाकीचे शेवाळ कुरतडून घेतात, मग तो दुसऱ्याच्या मागे, तोवर अजून चार खाली. थवा म्हणजे फक्त जीव वाचवायला नसतो हे इथे डोळ्यांनी दिसतं.

अजून एक, हे लोक पाव टाकत नाहीत, त्याबद्दल खूप आभार. पाव टाकून जमवलेली गर्दी बघण्यात काय अर्थ आहे, तिथे मासे स्वतःचं काहीच करत नसतात.

मास्क मात्र स्वतःचा न्या. त्यांच्याकडचे सारखे धुरकट होतात. काळ्या सिलिकॉनचा घ्या, बाजूने उजेड कमी येतो. फुल-फेस मास्क घालून खाली बुडी मारायची नाही, नाक चिमटून कानातलं प्रेशर काढता येत नाही त्यात.

एक स्टार कापला तो वेळेमुळे. सूर्य मावळायच्या आधीच बोट परत फिरते. खरी गंमत तर तेव्हाच सुरू होते, दिवसाचे मासे फटीत शिरतात, रात्रीचे अजून निघालेले नसतात, थोडा वेळ रीफ ओस पडतो आणि त्या अंधुक उजेडात मोठे शिकारी फिरतात. बोट अर्धा तास जास्त थांबवली असती तर यातलं थोडं तरी बघायला मिळालं असतं. आम्ही मागितलं तर नाही म्हणाले. तुम्ही बुकिंगच्या वेळीच विचारा, शेवटच्या बॅचला जमतं का म्हणून.